अकरा नकारांची जाहिरात

माझा धंदा सांगितला की लोक हसतात, आणि पोरीला चोविसावं लागलं की तेच लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी लग्नं जुळवतो. रावेर तालुक्यात एकतीस वर्षं हेच करतो आहे. रुपचंद नाना कुठे राहतात म्हणून विचारा, केळीच्या ट्रकवरचा क्लीनरसुद्धा घर दाखवील.

माझी एक वही आहे. तिच्यात मुलीचं नाव, मुलाचं नाव, पाहायला आले ती तारीख, समोर चहा आला की पोहे की जेवण (त्यावरून यजमानाचा कल कळतो) आणि शेवटी निकाल. निकालाच्या रकान्यात मी आजवर दोनच गोष्टी लिहिल्या: ‘जुळलं’ किंवा ‘योग नाही’. कोणी कोणाला नाकारलं हे मी लिहीत नाही. बोलत तर मुळीच नाही. मुलीकडून नकार आला तर मुलाच्या बापाला सांगतो, पत्रिकेत जरा अडतंय. मुलाकडून आला तर मुलीच्या बापाला सांगतो, त्यांच्या थोरल्या काकांच्या मनात दुसरं काही आहे. दोन्ही बाप आपापल्या गावी जाऊन मिशीवरून हात फिरवत सांगतात की आपणच नाही म्हटलं. दोन घरं, दोन नकार, भांडण एकही नाही. या हुशारीवर मी फार खूश होतो. तिनंच एका पोरीचा घात केला, म्हणून हे लिहायला बसलो.

पोरीचं नाव डिंपल. जीवराम भाऊंची थोरली. केळीच्या पॅकिंग हाउसवर मालाची तपासणी करते. हातात केळाची जाडी मोजायचं माप, कमरेला वही, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक फणीकडे असं बघते की केळ्यालाच घाम फुटावा. एक रेष कमी भरली की फणी बाजूला. रंगानं सावळी, चांगली गडद सावळी. आई लताबाईवर गेली आहे. आवाज बापाचा.

हिला अकरा स्थळं आली. अकराही मी आणली, तेव्हा हिशेब माझ्याकडून ऐका. आठ जणांना डिंपलनं नाकारलं. भुसावळचा रेल्वेतला मुलगा म्हणाला, क्वार्टर मिळतं, मग बाईनं कामाला बाहेर कशाला जायचं, तो गेला. एक तासभर बसून फक्त स्वतःच्या मोटरसायकलबद्दल बोलला, तोही गेला. एकानं आईकडे बघितल्याशिवाय पोह्याचा घास घेतला नाही. बाकीचे पाच अशाच लहानमोठ्या कसरीवर बाजूला पडले. दोन ठिकाणी जीवराम भाऊ स्वतः मागे हटले, एकदा भाऊबंदकीतल्या जमिनीमुळे आणि एकदा कूळ एकच निघालं म्हणून. राहिलं एक. तिथे मुलाच्या मावशीनं रंगावर बोट ठेवलं. जाताना लताबाईच्या हातात ‘तेजाळी’ क्रीमची ट्यूब ठेवून म्हणाली, महिनाभर लावा, मग बघू. लताबाईनं ती ट्यूब त्याच दिवशी मोरीत भिरकावली.

तर आठ, दोन आणि एक. बेरीज अकरा.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. पोरीला किती स्थळं आली, हा आमच्यात बापाचा मान असतो. घड किती किलोचा पडला हे जसं चौकात सांगतात, तसंच हेही सांगतात. ज्याच्या दारात गाड्या जास्त थांबल्या त्याची पोर गुणी, त्याचं घर तोलामोलाचं. जीवराम भाऊ तर चहा पिता पिता, कोणी न विचारताच सांगायचे, ‘अकरा येऊन गेली बापा, अन् ही मोजलेली. फोनवरची येगळी.’ ऐकणारे मान डोलवायचे. कोणी असं म्हणायचं नाही, की अरे अकरा येऊनही पोर घरातच कशी. आमच्यात तो प्रश्नच नाही. लोक येतात, मागतात, म्हणून आकडा वाढतो.

हे कंपनीच्या बाईला कोण सांगणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती आली. तेजाळीवाल्यांचीच. हो, त्याच ट्यूबवाल्यांची. आधी त्यांच्या ट्यूबवर एकाच मुलीचे दोन चेहरे असायचे, डावीकडचा काळवंडलेला आणि उजवीकडचा दुधात बुडवून काढलेला. दोन वर्षांपूर्वी कंपनीला साक्षात्कार झाला की हे वाईट आहे. चेहरे निघाले. ट्यूब तीच, आतला लगदा तोच, वर नवीन ओळ आली, ‘प्रत्येक रंग तेजस्वी’. मग मोबाइलवर मोहीम सुरू झाली. गावोगावच्या खऱ्या मुली शोधायच्या, त्यांची खरी दुःखं दाखवायची आणि बघणाऱ्यांना सांगायचं की बदला. बदलून झालं की खाली खरेदीचं बटण आहेच.

बाई पुण्याची होती, गोड बोलायची, तिला सगळे मॅडम म्हणत. पॅकिंग हाउसवर बायकांचे फोटो काढता काढता तिला डिंपल दिसली. केळीच्या बागेत दोन दिवस चित्रीकरण ठरलं. जीवराम भाऊंना वाटलं, पोरीच्या कामावर काहीतरी निघतंय. त्यांनी इंग्रजी कागदावर तीन ठिकाणी सही केली आणि वर चहा पाजला. पहिल्या दिवशी मीही तिथेच होतो. पोरीचा फोटो निघतो आहे म्हटल्यावर माझ्यासारख्याला घरी कसं बसवेल? पुढच्या बायोडाट्याला कामी येईल, हा माझा हिशेब.

आधी एका मुलानं डिंपलच्या तोंडाला काहीतरी चोपडलं. मी जवळ जाऊन पाहिलं तर पोर आणखी काळी केलेली. मी विचारलं, हे उलटं कसं? तो म्हणाला, उन्हात कॅमेऱ्यात तिचा रंग उजळ येतो, गोष्टीला बसत नाही. म्हणजे बघा, ज्या कंपनीनं तीस वर्षं पोरींना गोरं करायची ट्यूब विकली, तिनंच आमच्या पोरीला दोन हात काळं केलं, आणि तेही रंगाच्या सन्मानासाठी.

मग मॅडमनी जीवराम भाऊंना बागेत खुर्चीवर बसवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, आतापर्यंत किती स्थळं आली? भाऊंनी छाती पुढे काढली. कॅमेऱ्यासमोर हा प्रश्न म्हणजे त्यांचा सत्कारच.

‘अकरा,’ ते म्हणाले.

‘आणि एकही जुळलं नाही?’

‘नाही जुळलं.’

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊंना वाटलं, आकडा ऐकून बाई भारावली. डिंपलला त्यांनी केळीच्या दोन ओळींमधून मान खाली घालून चालायला सांगितलं. ती म्हणाली, मी अशी चालत नाही. मॅडम म्हणाल्या, हा आधीचा भाग आहे गं, नंतरच्या भागात मान वर करायचीच आहे. ती चालली. नंतरचा भाग दुसऱ्या दिवशी हातात ट्यूब देऊन घेतला.

दीड महिन्यानं व्हिडिओ आला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ‘अकरा नकार’. मग जीवराम भाऊ, ‘अकरा’. मागे सनई रडते आहे. मग मान खाली घातलेली डिंपल. ‘तिचा दोष एकच, तिचा रंग.’ शेवटी मान वर, ट्यूब आणि ‘तेजाळी, तिच्या बाजूनं’. तीन दिवसांत तो चाळीस लाख लोकांनी पाहिला.

खाली लोकांनी काय काय लिहिलं त्याचंही मी मोजमाप ठेवलं आहे. पहिल्या शंभरांत सत्तावन्न जण रडले. एकोणीस जणांनी तिला बहीण मानलं. आठ जणांनी लग्न करायची तयारी दाखवली, त्यातले तीन विवाहित निघाले. बारा बायकांनी बेसन आणि हळदीचे लेप सुचवले. उरलेल्या चौघांना गाणं आवडलं. ही पोर काय काम करते, हे शंभरांत एकानंही विचारलं नाही.

जीवराम भाऊंनी चौकात जाणं बंद केलं. ज्यांनी अकराला माना डोलवल्या होत्या तेच आता खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, जाऊ द्या भाऊ, देव बघतो. आकडा तोच, पण मान गेला. पॅकिंग हाउसवर बायका डिंपलशी हळू बोलायला लागल्या, जशा आजाऱ्याशी बोलतात तशा. बाजूला काढलेल्या एका फणीवरून एक बागायतदार म्हणालासुद्धा, ‘ताई, तुम्हाला लोकांनी नाकारलं, त्याचा राग आमच्या केळावर का?’

त्याच दिवशी ती माझ्याकडे आली. ओट्यावर बसली नाही. तिनं मॅडमना फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून मोठा केला. शांतपणे सगळा हिशेब सांगितला: आठ, दोन, एक. म्हणाली, एवढं दुरुस्त करून टाका, बाकी माझं काही मागणं नाही.

मॅडम म्हणाल्या, पण यामागची भावना तर खरी आहे ना? किती मुली याच्याशी जोडल्या गेल्यात बघ.

‘रंगावरून मला एकानं नाकारलं. तुम्ही एकच दाखवा.’

‘डिंपल, एक नकार कोणी शेअर करत नाही गं.’

तिनं फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, ‘नाना, या आठांतला एक जरी खरं बोलला, तर पुरे. मी एकटीनं म्हटलं तर लोक म्हणतील, झाकतेय.’

मला ते सोपं वाटलं. आठही घरं माझ्या ओळखीची. मी फोन फिरवायला बसलो, आणि एकेका फोनसोबत माझीच हुशारी माझ्या गळ्याशी येत गेली. मोटरसायकलवाल्याचा बाप म्हणाला, नाना, पत्रिकेत अडलं असं तुम्हीच सांगितलं, म्हणून आम्ही नको म्हटलं. पोरीनं नाकारलं हे आज काय नवीन काढलं? दुसऱ्याची आई तर व्हिडिओ पाहून सुखावली होती. त्यांच्या सुनेला घरात दाखवला म्हणे, की बघ, तुझ्याआधी कोणाला सोडलं. भुसावळचा अभिमन, तो रेल्वेतला, त्याच्या घरी मी पत्रिकाच सांगितली होती, पण त्याला एकट्याला खरं कारण सांगितलं होतं, कारण पोरगा समजूतदार वाटला होता. तो म्हणाला, नाना, माझं लग्न झालंय, ऑफिसात मी सांगितलंय की मी नाकारली, आता चार लोकांत माझं हसं कशाला करता? मी म्हटलं, पोरीचं चाळीस लाखांत झालंय. त्यानं फोन कापला.

आठही जण नाही म्हणाले. एकतीस वर्षं मी लोकांची अब्रू झाकत आलो; पण नीट मोजलं तर प्रत्येक वेळी झाकली ती पुरुषाची. नकार देणाऱ्या पोरींचा नकार मी पत्रिकेत, काकांत आणि योगात पुरून टाकला होता. कंपनीनं खोटं पेरलं खरं, पण जमीन माझीच नांगरलेली होती.

आणि यात बारावा होता.

बारावा म्हणजे पारोळ्याच्या सुकदेव आबांचा नवल. धुळ्यात ठिबक सिंचनाचं दुकान, मुलगा शिकलेला, हसतमुख. स्थळ चित्रीकरणानंतर आलं, आणि व्हिडिओच्या आधीच त्यांचं जवळपास ठरत आलं होतं. दोघं एकदा घरी भेटले, एकदा जळगावला स्टँडजवळच्या रसाच्या दुकानात. त्या भेटीत डिंपलनं त्याला आधीचं सगळं सांगितलं होतं, आठ जणांना मी का नाकारलं ते कारणांसकट. तो हसून म्हणाला होता, ‘म्हणजे मी परीक्षेला बसलोय.’ हे वाक्य तिनं मला दोनदा सांगितलं. जी पोर कधी कोणाचं वाक्य सांगत नाही तिनं दोनदा सांगितलं, यावरून मी काय ते समजलो. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी बाकी होती.

व्हिडिओ आल्यावर नवलनं तो आपल्या दुकानाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘हिच्या धैर्याला सलाम.’ डिंपलनं विचारलं तेव्हा म्हणाला, लोक चांगलंच तर बोलताहेत.

पुढच्या आठवड्यात सुकदेव आबांचा मला फोन आला. आवाजातच फरक. कंपनीनं त्यांना गाठलं होतं. साखरपुडा जळगावला मोठ्या हॉलमध्ये करायचा, सगळं कंपनीकडून, फक्त चित्रीकरण करू द्यायचं. आधी एका हॉटेलात दोन्ही घरांची बैठक. आबा म्हणाले, ‘अकरा जनसनी नाकारेल पोर शे, नाना. आम्ही पदरमा ली राहिनूत. हाई समाजले दिसाले जोयजे.’ म्हणजे अकरा जणांनी टाकलेली पोर ते पदरात घेत होते, आणि हे समाजाला दिसायला हवं होतं.

महिन्यापूर्वी हेच आबा माझ्यामार्फत विचारत होते की पोरगी आमच्या नवलला पसंत करील ना.

हे मी डिंपलला जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी गुळात न घोळता पोचवलं. ती म्हणाली, ‘नाना, मला त्या घरात जायचंय. मुलगा मला आवडलाय. पण उपकारावर नाही नांदायचं. उद्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी ऐकवतील, अकरा जणांनी टाकलेली आणली. आधी त्यांच्यासमोर हिशेब साफ व्हायला पाहिजे.’

बैठकीला आम्ही जळगावला गेलो. दुपारची वेळ, हॉटेलातली थंडगार खोली. आत शिरलो तर भिंतभर कापड लावलेलं, त्यावर सोनेरी अक्षरं, ‘बाराव्यानं हो म्हटलं’. खाली तेजाळी. कॅमेरा उभा होता. मॅडम म्हणाल्या, नुसता प्रकाश तपासतोय. एका बाजूला सुकदेव आबा फेट्यात, शेजारी मंजुळाबाई, पलीकडे नवल नव्या शर्टात. दुसऱ्या बाजूला जीवराम भाऊ, लताबाई, डिंपल आणि मी. लताबाईनं भिंत वाचली आणि पदर डोक्यावरून नीट ओढला, तिचा राग असाच दिसतो.

मॅडमनी कार्यक्रम समजावला. नवल एका गुडघ्यावर बसेल. म्हणेल, मला तुझा रंग दिसत नाही. मग अंगठी.

‘रंग दिसत नाही?’ डिंपलनं विचारलं. ‘डोळे तपासलेत का?’

मंजुळाबाई खुदकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

डिंपलनं मग सरळ सांगायला सुरुवात केली. अकरा नकार नाहीत. आठ मी नाकारले, दोन बाबांनी, एकानं मला. त्या एकाच्या मावशीनं जाताना आईच्या हातात ठेवलेली ट्यूब तुमचीच होती मॅडम, तेजाळीची. मॅडम म्हणाल्या, ती जुनी पॅकिंग असेल, आता आम्ही बदललोय. आणि कॅमेऱ्यावरच्या मुलाला म्हणाल्या, हे नंतर कापू.

सुकदेव आबा चिडले. त्यांना वाटलं, पोरगी ऐनवेळी भाव खाते आहे. ते माझ्याकडे वळले. म्हणाले, नाना, तुम्ही मधले, तुमची वही असते, तुम्हीच सांगा, कोणी कोणाला नाकारलं.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. वही पिशवीत होती, पण तिच्यात अकरा वेळा ‘योग नाही’ एवढंच होतं. माझा धंदा म्हणत होता, आताही काहीतरी गोल बोल, दोन्ही घरं घरी जातील, साखरपुडा होईल. डिंपल माझ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडून तिला काही अपेक्षाच नसावी, आणि ते मला फार लागलं.

मी बोटं मोजत सांगत गेलो. पहिला, मोटरसायकलवाला, पोरीनं नाकारला. दुसऱ्या ठिकाणी जमीन, बाप मागे हटला. तिसरा, भुसावळचा... मी नाव घेणार तेवढ्यात डिंपल म्हणाली, ‘नावं नको नाना, त्यांच्या घरी बायका आहेत.’ ज्यांनी तिच्यासाठी एक शब्द खर्चला नव्हता त्यांची अब्रू पोर सांभाळत होती. मी नावं गाळून अकराही सांगितले. शेवटी म्हटलं, आबा, वहीत हे सापडणार नाही, कारण मी भित्रा माणूस आहे. पण निरोप मीच पोचवले आहेत. आठ वेळा या पोरीनं नाही म्हटलं आणि आठ वेळा मी पत्रिका पुढे केली.

आबांचा चेहरा उतरला, पण वेगळ्याच कारणानं. ‘म्हनजे पोर नाकारनारी शे,’ ते म्हणाले. जणू काही रोग निघाला.

मंजुळाबाईंनी कप खाली ठेवला. त्या आतापर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

‘मंग बरं शे,’ त्या म्हणाल्या. ‘मना येळले माले कोनी इचारंच नई.’

आपल्या लग्नाच्या वेळी आपल्याला कोणी विचारलंच नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच बोलत असाव्यात, अशा नजरेनं आबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

डिंपल आता नवलकडे वळली. तिचा आवाज खाली आला होता. ‘तुम्हाला तर मी सांगितलं होतं. रसाच्या दुकानात. आठही.’

नवल म्हणाला, ‘हो, सांगितलं होतं.’

‘मग तुम्ही आबांना का नाही सांगितलं? यांना का नाही सांगितलं?’

नवलनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. तो म्हणाला, ‘आता एवढं पुढे गेलंय. दुकानाचंही नाव होतंय. एका दिवसाचा तर प्रश्न आहे डिंपल. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे, आपल्या दोघांना खरं माहीत आहे ना.’

‘आपल्या दोघांना माहीत असून तुम्ही त्या कापडाखाली बसणार.’

त्यानं नजर कापडावरून खाली आणली. मग जरा दुखावून म्हणाला, ‘पण मला तर तू हो म्हटलंस.’

‘अजून म्हटलं नव्हतं. आज म्हणणार होते.’

ती उठली. पिशवी घेतली. सुकदेव आबांच्या आणि मंजुळाबाईंच्या पाया पडली, कारण ते तिनं घरून ठरवून आणलं होतं आणि त्यांचा तिला राग नव्हता. मंजुळाबाईंनी तिचा हात पटकन सोडला नाही. मग नवलला म्हणाली, ‘बाराव्यालाही मीच नाही म्हणते आहे. नाना, या वेळी पत्रिका नका काढू.’

आणि चालू पडली. मान जशी नेहमी असते तशी, वर.

आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. लताबाई डोळे पुसत होती, पोरीला मुलगा आवडला होता हे तिलाही माहीत होतं. रिक्षा थांबवता थांबवता जीवराम भाऊ एकदम म्हणाले, ‘आता कोनी इचारलं तं बारा सांगू का व बाई?’

डिंपल हसली. मग रडली. रिक्षावाला मीटरकडे बघत राहिला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण नुसता प्रकाश तपासणारा तो कॅमेरा चालू होता.

आठ दिवसांत नवा व्हिडिओ आला. हॉटेलच्या खोलीतून पिशवी घेऊन निघालेली डिंपल, चाल मुद्दाम मंद केलेली, आवाज काढून टाकलेला, मागे तीच सनई. ‘आणि मग बारावा नकार.’ जरा थांबून, ‘तरीही ती चालते आहे.’ शेवटी ट्यूब. हा बासष्ट लाख लोकांनी पाहिला. मी रावेरच्या एका वकिलाकडे तो इंग्रजी कागद नेला. त्यानं वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं की पोरीचा चेहरा, चाल, आवाज आणि गोष्ट, सगळं कंपनीला हवं तसं वापरायला जीवराम भाऊंनी तीन ठिकाणी दिलेलं आहे. मुलगी सज्ञान आहे, सही बापाची आहे, भांडता येईल. पण ते भांडण पुण्यात होईल आणि वर्षं खाईल. मॅडमनी डिंपलला फोन करून सांगितलं की हा भाग पहिल्यापेक्षा प्रेरणादायी झाला आहे, आणि क्रीमची एक पेटी पाठवली. ती तिनं त्याच गाडीनं परत केली.

मला सुकदेव आबांनी पारोळ्यापासून यावलपर्यंत बदनाम केलं. मधला माणूस तोंडाचा फुटका, म्हणाले. ओट्यावर आता कोणी येत नाही. खरं सांगायचं तर चूक त्यांची नाही. तोंड फुटलं ते फुटलंच.

डिंपल रोज सकाळी पॅकिंग हाउसवर जाण्याआधी त्या व्हिडिओखाली चार ओळी लिहिते. ‘ही मी. आठ आणि हा बारावा मी नाकारले. दोन बाबांनी. रंगावरून मला एकानं नाकारलं.’ रागाचा शब्द नाही, कोणाचं नाव नाही. दहा मिनिटांत कंपनी ते पुसते. तिच्या बाजूनं असलेल्या पानावर तिच्याच शब्दांना जागा नाही. ज्यानं लिहिलं की अशा मुलींनी उन्हात फिरू नये, त्याचं मात्र तीन महिने तसंच आहे.

परवा भुसावळहून अभिमनचा फोन आला, दुपारी, ऑफिसातून. मी उचलणार नव्हतो. आवाज तापलेला होता. म्हणाला, बायकोनं डिंपलच्या त्या ओळी पुसायच्या आत वाचल्या आणि विचारलं, तुम्ही यातले कितवे? दोन दिवस घरात अबोला चालला. शेवटी त्यानं स्वतःच्या नावानं, फोटोसकट लिहिलं की मी तिसरा, तिनंच मला नाकारलं, ती खरं सांगते आहे. ‘नाना, पाच मिनिटांत काढलं हो. आणि वर मला लिहितात, एका पुरुषानं पीडितेचा आवाज दाबू नये. मी दाबतोय? मी?’ नंतर त्याला त्या पानावर यायचीच बंदी झाली. डिंपलला तशी घालता येत नाही, पानावरचा चेहराच तिचा. दोन वर्षं त्याला खरं बोलता येत नव्हतं, आणि बोलला तर ऐकायलाच कोणी नाही. मला हसू आलं, आणि त्याच्याइतकाच संतापही आला.

तसाच पॅकिंग हाउसवर गेलो. डिंपल कामात होती; एक फणी उचलली, मोजली, बाजूला ठेवली. मी अभिमनचं सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला.

‘बंदी त्याच्या नावावर आहे, बायकोचा फोन असेल ना घरी,’ ती म्हणाली. ‘त्याला म्हणावं, उद्या त्यावरून टाक. बरोबर आठ वाजता. मीही तेव्हाच टाकते. दोन दोन पुसायला त्यांना जरा वेळ लागेल.’

आणि पुढची फणी घेतली.